आज पाळणा फार रडला

बोलतोय तो मीच. भिंतीतून आवाज आला म्हणून दचकू नका. या हॉटेलात येणारी निम्मी माणसं माझा आवाज ऐकून मागे सरकायची, उरलेली निम्मी पुढे होऊन भिंतीला कान लावायची, आणि दोघांनाही मी कोण हे ठाऊक नसायचं. मी एक पाळणा आहे. पण बाळाचा नव्हे. सगळी गोम तिथेच आहे.

माझं म्हणाल तर एक सागवानी पेटी, आत दोन फळ्या, पुढे वर सरकणारं दार. या इमारतीचं स्वयंपाकघर तळघरात आणि जेवणारे वरच्या तीन मजल्यांवर. म्हणून बांधतानाच भिंतीच्या पोटात खालपासून वरपर्यंत एक उभी विहीर ठेवली आणि तिच्यात मला दोराला टांगलं. दुसऱ्या बाजूला समतोलासाठी एक लोखंडी धोंडा. खालून आचारी ताटं ठेवून दोर ओढायचा, मी वर जायचो. वरचा वाढपी ताटं काढून घेऊन उष्टी भांडी ठेवायचा, मी खाली यायचो. जन्मभर लोकांची जेवणं वाहिली आणि माझ्या पोटात काय राहिलं, तर आमटीचे डाग.

ज्या आठवड्यात मला टांगलं, त्याच आठवड्यात मोठ्या आचाऱ्याच्या घरी मुलगी झाली. बिचाऱ्याला चार दिवस डोळ्याला डोळा नव्हता. मी दोराला लटकून हलतोय हे त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "घ्या. घरी एक पाळणा, इथे दुसरा. माणसानं झोपायचं कुठे?" झालं, मी पाळणा झालो. नकाशात माझं काही भारदस्त नाव होतं म्हणे, पण स्वयंपाकघरात नकाशे वाचतो कोण.

या नावानं गमती फार झाल्या. जेवणाला उशीर झाला की वरून ओरड यायची, "पाळणा लांबला हो." नुकतंच लग्न झालेला कारकून ते ऐकून कानापर्यंत लाल व्हायचा. कुणी विचारायचं, "पाळणा हलला का?" की नवखा वाढपी धावत जाऊन आचाऱ्याचं अभिनंदन करायचा. एका वर्षात तीनदा अभिनंदन स्वीकारल्यावर आचाऱ्याच्या बायकोनं येऊन चौकशी केली होती.

माझ्यात एक खोड होती, ती लपवत नाही. विहिरीच्या अगदी वर, तिसऱ्या मजल्याच्या छतापाशी माझी कप्पी आहे. तिचं तेल सुकलं की मी दुसऱ्या मजल्याशी पोचताना रडायचो. आधी बारीक ऊं ऊं, मग श्वास कोंडल्यासारखा थांबायचो आणि मग एकदम भोकाड. कप्पीला दोन थेंब तेल घातलं की गप्प. इतका साधा मामला होता.

मग लढाई आली. पाहुणे पेट्या उचलून निघून गेले आणि सरकारनं हॉटेल ताब्यात घेऊन इस्पितळ केलं. काचांवर काळे कागद चिकटले. जिथे नाच व्हायचे त्या दिवाणखान्यात खाटांच्या रांगा लागल्या. माझ्यातून सूप जायचं, उकळलेलं पाणी जायचं, बँडेजच्या गुंडाळ्या जायच्या. एकदा एका अधिकाऱ्याची कवळी चुकून ताटासोबत खाली आली आणि आचाऱ्यानं ती तितक्याच अदबीनं झाकण ठेवून वर पाठवली.

तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराशी, सामानाची एक खोली होती. तिथे दोन मुली पाळीनं कामाला असायच्या. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. बहिणी नव्हेत हां, एक सत्तावीसची, एक एकोणीसची, एवढंच. थोरली सकाळी, धाकटी दुपारपासून. पाळी बदलताना गप्पा मारायच्या नाहीत असा मेट्रनबाईंचा कडक हुकूम होता, म्हणून त्या दोघी एका वहीत लिहून एकमेकींना कामाचं सांगत. आणि कामाचं म्हणजे बहुतेक माझंच. त्या खोलीत दुसरं होतं कोण.

थोरली लिहायची, "पाळणा आज शहाण्यासारखा वागला." धाकटी लिहायची, "आज पाळणा फार रडला. तेल पाजले. गप्प झाला." थोरलीचं उत्तर यायचं, "लाडावून ठेवू नकोस." मग पुन्हा धाकटी, "पाळण्यानं सूप अंगावर सांडून घेतलं. पुसून निजवला." एवढ्या धामधुमीत त्या दोन पोरींना हसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी मला मूल केलं. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आता त्या दुपारचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या दुपारमुळे घडलं. आदल्या दिवशी थोरलीनं लिहिलं होतं, "उद्या पाळण्याचा दोर कापायचा आहे." जुना दोर झिजला होता. सकाळी सुतारानं समतोलाचा धोंडा उतरवून ठेवला आणि नवा दोर आणायला गेला. तो परत यायच्या आत विमानांच्या हल्ल्याचा भोंगा वाजला.

तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. तीन दिवसांचं मूल, आणि तिला ताप असा की उठून बसता येईना. तिला स्ट्रेचरवरून तळघरात न्यायला दोन माणसं हवीत, आणि मजल्यावर उरल्या होत्या दोनच, मेट्रनबाई आणि धाकटी. म्हणजे बाळाला धरायला हात नाही. जिन्याच्या डोक्यावरच्या काचेचे तुकडे खाली पडत होते. धाकटीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तिनं टॉवेल चौघडी करून माझ्या खालच्या फळीवर अंथरले, बाळाला त्यात घातलं, खाली तोंड करून आचाऱ्याला हाक मारली आणि दोर हातात घेतला.

धोंडा नव्हता हे लक्षात ठेवा. माझं सगळं वजन त्या पोरीच्या दोन तळहातांवर आलं. झिजलेला, कुसळं निघालेला दोर तिच्या हातातून सरकत होता, आणि तिनं तो हळूहळू, एकेक वीत सोडला. सबंध तीन मजले. त्या दिवशी मी रडलो नाही. कप्पीला तेल नव्हतं, पण नाही रडलो. कसं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. तळघरात आचाऱ्यानं दार उघडलं तर बाळ झोपलेलं होतं.

वर धाकटीनं तशाच हातांनी स्ट्रेचर उचललं. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली आणि आठवड्यानं आपल्या गावी गेली. मला मात्र धोंड्याशिवाय वर ओढणार कोण? मी तीन दिवस तळघरातच. धाकटीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. पेन धरवेना. तिनं वहीत जेमतेम दोन ओळी खरडल्या: "बाळ पाळण्यात घालून खाली सोडले. पाळणा परत आला नाही." थोरलीला सगळं तोंडी कळलंच होतं, त्यामुळे जास्त लिहायची गरज पडली नाही. वहीचं ते शेवटचं पान होतं.

लढाई संपली, इस्पितळ उठलं, आणि मालकांकडे हॉटेल पुन्हा उभं करायची ताकद उरली नाही. दाराला कुलूप लागलं ते लागलंच. वही फडताळामागे पडली. पन्नासहून जास्त वर्षं माझ्या विहिरीत कबुतरांनी संसार केले. वारा आला की मी हलायचो आणि कप्पी कण्हायची. रस्त्यावरची माणसं चालण्याचा वेग वाढवायची. भुताची पहिली बातमी तेव्हाच पसरली, पण त्या भुताला नाव-गाव, बायको-पोर काही नव्हतं.

मग एका व्यापाऱ्यानं ही पडकी इमारत घेतली आणि जावयाच्या हवाली केली. जावयाला याआधी दोन उद्योग काढून दिले होते, त्या दोहोंचे बारा वाजले होते. हे तिसरं आणि शेवटचं, असं सासऱ्यानं सर्वांसमोर बजावलं होतं. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणायचे, पाठीमागे जावईबापू. माणूस वाईट नाही. उत्साह दांडगा, वाचन अफाट, फक्त कुणाला काही विचारायची सवय नाही.

गवंडी म्हणाला, "ही विहीर बुजवून टाकू." जावईबापूंनी जुना नकाशा त्याच्या नाकासमोर धरला. "बुजवायची नाही. हा डंबवेटर आहे. ऐतिहासिक वस्तू आहे." ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला पॉलिश केलं, नवा दोर घातला, दारावर पितळी पाटी ठोकली: 'डंबवेटर. हात लावू नये.' कप्पीला तेवढं तेल घालायचं राहिलं. पॉलिश दिसतं, तेल दिसत नाही.

फडताळ हलवताना वही सापडली. जावईबापूंनी ती तिथेच, खोलीतल्या धुळीत बसून वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "आज पाळणा फार रडला. तेल पाजले. गप्प झाला." पान उलटलं. "पुसून निजवला." पान उलटलं. "उद्या पाळण्याचा दोर कापायचा आहे." आणि मग ते शेवटचं पान. वही मिटून ते माझ्या दाराला पाठ टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "पाळणा कुठे गेला असेल?"

मी त्यांच्या पाठीला लागून होतो हो! पण बोलणार कसा?

त्यांनी तळघरापासून गच्चीपर्यंत पाळणा शोधला. मिळाला नाही, तेव्हा जुन्या बाजारातून एक लाकडी पाळणा आणून त्या खोलीत मांडला. एक पुस्तिका छापली, 'तिसऱ्या मजल्यावरचा पाळणा'. तिच्यात लिहिलं की लढाईत इथे एक नर्स होती, तिनं स्वतःच्या रडणाऱ्या बाळाला तेल पाजून गप्प केलं आणि शेवटी पाळण्यासकट गच्चीवरून खाली सोडलं, आणि ते बाळ अजून रडतं. पुराव्यादाखल वहीतल्या 'आज पाळणा फार रडला'च्या पानाचा मोठा फोटो. रोज दुपारी चार वाजता पाहुण्यांना ती खोली दाखवायची, नंतर चहा. अंधारात दाखवायची जावईबापूंची स्वतःचीच छाती नव्हती.

आता योगायोग ऐका. चारचा चहा तळघरातून दुसऱ्या मजल्यावर पाठवायचा कोणी? मीच, 'हात लावू नये'ची पाटी फक्त वरच्या दारावर होती. हॉटेलचा नवा आचारी खालून दोर ओढायचा, माझी पेटी दुसऱ्या मजल्याशी पोचायची, आणि नेमकी वरच्या खोलीच्या भिंतीत कप्पी सुरू व्हायची. ऊं ऊं, मग शांतता, मग भोकाड. पाहुण्यांची बोबडी वळायची. जावईबापू तर रोज नव्यानं घाबरायचे. ते खोटं वागत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं. खाली आचाऱ्याला फक्त चाक कुरकुरल्याचं ऐकू यायचं. भिंतीतून आवाज वर जाताना काय होतं ते त्याला काय ठाऊक. खोल्या भरू लागल्या.

खरं सांगतो, सुरुवातीला मला मजा वाटत होती. पन्नास वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता माझ्यासाठी लोक लांबून यायचे. मी जरा जास्तच सूर लावायचो.

मग एका सकाळी आचाऱ्याची बायको स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली. विहिरीतून मला खालचं सगळं ऐकू येतं. हा आचारी नवा, चाळिशीतला. त्याला लहानपणापासून त्याच्या आत्यानं वाढवलेलं. ही आत्या गेली चाळीस वर्षं मागच्या गल्लीत पाळणाघर चालवते. सकाळी आया मुलं सोडून कामाला जातात, संध्याकाळी घेऊन जातात.

"आज पाचच पोरं आलीत," बायको म्हणाली. "गेल्या आठवड्यात अकरा होती."

"साथ आली असेल कसली," आचारी म्हणाला.

"साथ नाही. तुमच्या साहेबांची ती पुस्तिका आलीय गल्लीत."

झालं होतं असं. हॉटेलचे पडदे शिवणारी एक शिंपीण आहे. तिची मुलगी या पाळणाघरात. तिनं पुस्तिकेतला फोटो पाहिला आणि तिचा घास हातातच राहिला. त्या अक्षरातला 'ळ' तिच्या ओळखीचा होता. एक पोट बारीक आणि दुसरं इतकं मोठं की पुढच्या अक्षरानं सरकून घ्यावं. तस्सा ळ पाळणाघराच्या पाटीवर होता. तस्सा तिच्या मुलीच्या पिशवीवर. आत्यांनी स्वतः लिहिलेला. म्हणजे ती नर्स कोण, हे शोधायला गल्लीला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

धाकटी! माझी धाकटी. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ती इथून दोन हाकांवर राहते.

पाचाची तीन झाली, तिनाची दोन. आणि ती दोन आचाऱ्याची स्वतःची. आया तोंडावर काही बोलत नव्हत्या. कुणी म्हणे आता सासूबाई आल्यात, कुणी म्हणे मुलाला खोकला आहे. छापलेलं असल्यावर माणसं विचारत नाहीत, नुसती लांब होतात. आचाऱ्याची बायको खाली रडत सांगत होती, "काल आत्यांनी अकरा चटया घातल्या. दुपारपर्यंत तशाच ठेवल्या. मग नऊ गुंडाळल्या. मला म्हणाल्या, माझं काय चुकलं ते कुणी सांगेल का."

त्या दिवशी चारच्या चहाला वर जाताना मी रडलो तेव्हा मला माझ्याच आवाजाचा राग आला. माझं रडणं तिच्या पोटावर येत होतं. आणि गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं.

आचाऱ्यानं संध्याकाळी पुस्तिका घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तडक जावईबापूंसमोर उभा राहिला. मी तिसऱ्या मजल्यावरच होतो.

"साहेब, ही बाई माझी आत्या आहे."

जावईबापू खुर्चीतून उठले. "जिवंत आहेत?"

"चांगली ठणठणीत आहे. आणि ती नर्स नव्हती, इथे सामानाच्या खोलीत होती. तिला मूलबाळ झालेलं नाही."

"पण मग त्या बाळाचं…"

"ते तिलाच विचारा," आचारी म्हणाला. "तुम्ही कुणालाच विचारलं नाही, म्हणून ही वेळ आली. ती आज चारला येतेय. तिच्याबद्दल वेडंवाकडं बोललात, तर उद्यापासून चहा तुम्हीच करा."

चार वाजता खोली भरली. पंधरा-सोळा पाहुणे, आणि मागे दाराशी गल्लीतल्या पाच-सहा बायका, त्यात ती शिंपीण. भूत बघायला नाही, भुताची आई बघायला आल्या होत्या म्हणा ना. आणि मग आत्या आल्या. एवढीशी बाई, पाठीत जरा वाकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पावलावरून मी ओळखलं. धाकटी पहिल्यापासून डावा पाय जरा आपटून चालायची.

"पाळणा कुठाय?" त्यांनी विचारलं.

जावईबापूंनी जुन्या बाजारातल्या पाळण्याकडे बोट केलं.

आत्यांनी तो वाकून नीट पाहिला. "हा कुणाचा? याला तर तळच नाही. यात बाळ घालणाऱ्याला आधी मार दिला पाहिजे." पाहुण्यांत कुणीतरी हसलं. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, 'हात लावू नये'च्या पाटीवर हात ठेवला आणि दार वर सरकवलं. "हा पाळणा. आम्ही याला पाळणाच म्हणायचो. सगळं इस्पितळ म्हणायचं."

जावईबापूंचं तोंड उघडं होतं. "हा तर डंबवेटर," ते पुटपुटले.

"असेल तुमच्या नकाशात. वही आणा इकडे."

मग त्यांनी वही वाचली. "आज पाळणा फार रडला, तेल पाजले," असं वाचून त्या छताकडे बोट करायच्या. "तिथे कप्पी आहे. तिला तेल लागतं." पाहुण्यांना हळूहळू उमज पडू लागली. "पुसून निजवला"ला दोघं-तिघं फुटले. "दोर कापायचा आहे"ला तर खोली खदखदली. जावईबापूंची मान खाली खाली जात होती.

शेवटचं पान आलं. आत्यांनी ते वाचलं नाही. वही मिटली आणि तोंडीच सांगितलं, मी मघाशी तुम्हाला सांगितलं तेच, फक्त चार वाक्यांत. भोंगा, बाळंतीण, दोन माणसं, बाळाला हात नाही. मग त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. आडवे पांढरे वळ, मधल्या बोटांपासून मनगटापर्यंत. कुणी हसलं नाही.

"मी दोर सोडला नाही," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण मला ऐकवेना. "चाळीस वर्षं तुमची पोरं मी सांभाळली. तुमच्यातल्या दोघी माझ्याच चटईवर झोपून मोठ्या झाल्या. तू तर दोन वर्षांची होईपर्यंत माझ्या मांडीशिवाय झोपत नव्हतीस." हे शिंपिणीला. "एकीनं तरी येऊन विचारायचं होतं ना, आत्या, हे काय आहे म्हणून. मला फार लागलं ते."

शिंपीण रडायला लागली. मग तिनं पिशवीत हात घातला, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि आत्यांच्या हातात दिली. आचारी स्टुलावर चढला. दोन थेंब इकडे, दोन तिकडे. आत्यांनी स्वतः दोर ओढला. मी तळघरात गेलो, परत तिसऱ्या मजल्यापर्यंत आलो आणि कुणाला हूं की चूं ऐकू आलं नाही. त्या जुन्या वळांवरून माझा दोर सरकत होता. माझ्या दाराशी तोंड आणून त्या हळूच म्हणाल्या, "किती वर्षांनी रे." माझ्यातून काही आवाज निघाला नाही, आणि त्या क्षणी तर तो निघायला हवा होता.

तुम्हाला वाटेल संपलं. सत्य बाहेर आलं, हातात पुरावा, सगळ्यांसमोर खुलासा. मलाही तसंच वाटलं. मी माणसांना पन्नास वर्षं विसरलो होतो ना, म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात आचाऱ्याची बायको मागच्या दाराशी आली ती हसू दाबत. अकराही पोरं परत आली होती. शिंपिणीनं प्रत्येकीच्या दारी जाऊन सांगितलं होतं. पण सांगोवांगी गोष्ट गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत काय झाली, तर आत्या हॉटेलात गेल्या, भुताला तेल पाजलं, चार शब्द सुनावले आणि त्या दिवसापासून भूत गप्प. खोटं कसं म्हणणार? रडणं थांबलं हे तर सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहुणेही आता भिंतीला कान लावून समाधानानं माना हलवतात, "बाळाला शांती मिळाली हो." खोल्या अजूनही भरतात. जावईबापूंनी पुस्तिका जाळली आणि नवी छापण्याआधी आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी अकरा चुका काढल्या.

"आणि आज काय झालं माहितीये?" बायको सांगत होती. "तीन गल्ल्या पलीकडून एक बाई आली. कडेवर एवढंसं पोर, किंचाळून निळं झालेलं. म्हणाली, हॉटेलातलं भूत झोपवणाऱ्या आत्या त्याच ना? मग आमच्या याला ठेवून घ्या, हा कुणाला ऐकत नाही. आत्या म्हणाल्या, अगं बाई, ते चाक होतं. तर ती म्हणते, हो हो, चाकच होतं, पण याला घ्या."

"मग?" आचाऱ्यानं विचारलं.

"मग काय. आत्यांनी डोक्याला हात लावला आणि पोराला मांडीवर घेतलं. पाच मिनिटांत झोपलं. आता ती बाई सगळ्या गावाला सांगणार."

तर अशी माझी कथा. खरं सांगून धाकटीची अब्रू अर्धीच परत आली, उरलेली अर्धी खोट्यानं आणून दिली. मला यात न्याय कुठला ते कळत नाही. मी ताटं वाहणारी पेटी आहे, न्यायाधीश नव्हे. मी एवढंच जाणतो की माझं गप्प राहणं आता तिच्या कामाचं आहे. रोज चारला चहा नेताना दुसरा मजला आला की मी अंग चोरतो. दमट हवेत कधीकधी कप्पी दाटून येते. तेव्हा मी आवंढा गिळतो.

म्हणून जाता जाता एक विनंती. तुम्ही कधी इथे उतरलात, आणि तिसऱ्या मजल्यावर भिंतीतून बारीकसं ऊं ऊं ऐकू आलं, तर बाहेर कुणाला सांगू नका. जिना उतरून तळघरात जा आणि आचाऱ्याला सांगा, तो तेल घेऊन येईल. पाळणाघरात आता सोळा पोरं आहेत, आणि चारच्या सुमाराला ती सगळी झोपलेली असतात.